चौथी कॉर्ड

आमच्या वरच्या मजल्यावर जानेवारीपासून एक मुलगा भाड्याने राहतो. वणीचा आहे, इंजिनिअरिंगला आहे, पहिल्या तारखेला भाडं देतो, जिन्यात दिसलो की हातातली पिशवी घेतो. त्याच्याविरुद्ध बोलायला जागाच नाही, आणि हीच माझी पहिली तक्रार आहे.

हा मुलगा गेले अकरा महिने गिटारवर एकच गाणं वाजवून राहिला आहे. पुण्याकडे ‘वाजवतोय’ म्हणतात. पण त्यात तो कधीतरी थांबेल अशी आशा डोकावते. ‘वाजवून राहिला’ म्हणजे वाजवून राहिलाच.

गाणं ‘वंडरवॉल’. मँचेस्टरच्या ओएसिस बँडचं, १९९५चं. तेव्हा ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचून तिथेच अडकलं होतं. नागपूरच्या आमच्या प्रतापनगरात त्याला स्पर्धा नाही.

“सोपं आहे काका,” त्याने मला एकदा समजावलं. दुसऱ्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावायचा, अनामिका आणि करंगळी बारीक दोन तारांवर ठेवायची आणि ती हलवायचीच नाहीत. उरलेल्या दोन बोटांनी इकडे-तिकडे जायचं. दोघं बसून, दोघं पळून. माझी चौतीस वर्षांची सरकारी नोकरी याच पद्धतीने चालली होती, त्यामुळे लगेच कळलं. जगभर गिटार हाती धरणारा जो तो याच गाण्याला का लागतो, तेही कळलं.

कॉर्ड चार. पहिल्या तीन तो झकास वाजवतो. चौथीचं नाव ‘ए सेव्हन सस फोर’. एखाद्या परिपत्रकाचा जावक क्रमांक वाटावा असं. ती येण्याआधी बोटं जागा शोधतात. तेवढा वेळ सगळं शांत असतं. मी घास हातात धरून बसतो. मग ती येते, चुकीची येते, आणि गाडी पुन्हा पहिल्या कॉर्डवर. अकरा महिन्यांत मी या गाण्याचा शेवट ऐकलेला नाही. पुढे काय आहे विचारलं, तर म्हणाला, “कोरस आहे काका. पण आधी हे पक्कं होऊ द्या.”

कायद्याचा आधार घ्यावा म्हटलं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मागवून वाचले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मुलगा पावणेदहाला गिटार खोळीत घालतो. दिवसाचं मी मोबाइलवर मोजलं. गिटार मर्यादेत निघाली, आमचा कूलर बाहेर.

कूलरबद्दल मात्र आता चांगलंच बोलेन. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळत होता, लोक हैराण होते, मी सुखात होतो. कूलर चालू असला की देवाचीही हाक ऐकू येत नाही. नोव्हेंबरपर्यंत मी तो खिडकीतून काढू दिला नाही. शेवटी मलाच सर्दी झाली.

या प्रकरणात मुंबईचाही हात आहे, हे नमूद करतो. ‘वंडरवॉल’ हे नाव ओएसिसने उचललं जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमवरून. त्यातला बराच भाग हॅरिसनने जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. शिवकुमार शर्मांचं संतूरही त्यात आहे. म्हणजे मुंबईने नाव पुरवलं, मँचेस्टरने गाणं केलं, आणि राबता नागपूरला आला. विदर्भाच्या वाट्याला काय येतं, यावर मी वेगळं बोलत नाही.

खुद्द गायक लिअम गॅलाघरने हे गाणं आपल्याला सहन होत नाही, असं एकदा जाहीरपणे सांगितलं होतं. मला त्या माणसाबद्दल आदर आहे. पण गाणं लिहिणारा त्याचा भाऊ नोएल आणि तो २००९मध्ये भांडून वेगळे झाले, आणि सोळा वर्षांनी, ४ जुलै २०२५ला, कार्डिफमध्ये पुन्हा एका मंचावर उभे राहिले. आपल्याकडे बांधावरून तुटलेले भाऊ तिसऱ्या पिढीपर्यंत तोंड पाहत नाहीत. यांना एवढाही धीर धरवला नाही. त्या रात्री वर पावणेदहापर्यंत सण होता.

खरी भिस्त होती भाडेकरारावर. तो अकरा महिन्यांचा असतो. १९५३च्या नागपूर करारामुळे सरकार दर हिवाळ्यात इथे येतं, पण थोडे दिवस आवाज करून जातंही. तेव्हा करार संपला की माणूस जातो, असा माझा समज. डिसेंबर उजाडला. मुलगा पेढे घेऊन खाली आला. बायकोने परस्पर सही करून दिली होती.

“काका, तुमाले तरास तं नाही होऊन राहिला ना?” त्याने विचारलं.

“छे रे,” मी म्हणालो. “वाजव ना.”

आता त्याच्या खोलीत जोडीदार आला आहे, यवतमाळचा. त्याच्याकडे काहोन आहे. म्हणजे लाकडी खोका, त्यावर बसून तोच बडवायचा. रविवारी गच्चीवर कार्यक्रम आहे. खुर्च्या आमच्या, तर्री-पोहे बायकोचे. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी कालच लागली.