बाहेरून आणा

15 ऑगस्ट 2023पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळं फुकट झालं. केसपेपर फुकट, तपासणी फुकट. सल्ला तर आपल्याकडे आधीपासूनच फुकट.

काकूंना बीपीसाठी अशाच एका रुग्णालयात नेलं. चिठ्ठीवर पाच औषधं. खिडकीतून दोन आली, पॅरासिटामॉल आणि पिवळी बी-कॉम्प्लेक्स. उरलेल्या तिन्हींपुढे फुली मारून आतला हात म्हणाला, "बाहेरून आणा." बाहेर म्हणजे गेटसमोर ओळीनं उभी असलेली मेडिकलं. सरकारनं जागा बरोबर हेरलीय.

काकूंनी चष्मा वर करून पट्टी वाचली: 'शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही.' म्हणाल्या, "विकायच्या नाहीत, द्यायच्या नाहीत, मग छापतात कशाला रे?"

मी त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच समजावलं. फक्त त्यासाठी दाखल व्हावं लागतं. रोजची बीपीची गोळी त्यात बसत नाही. ती न परवडून झटका आला, की मात्र बसतं. तेवढा धीर धरायला हवा.

2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. 2025 ठरल्या वेळी आलं, एकटंच.

मेडिकलवाल्यानं कात्रीनं पट्टी कापली. सहाच गोळ्या. मी म्हटलं, "काकू, आठवड्याला सात लागतात."

"सोमवारी उपास असतो माझा," काकू म्हणाल्या.