जागा नाही म्हणायलंय!

जळकोट तालुका आणि एसडी कार्ड, दोघांचं जन्मवर्ष एकच: 1999. इकडं सरकारनं लातूर जिल्ह्यात आमचा नवा तालुका केला, तिकडं जपानच्या दोन आणि अमेरिकेच्या एका कंपनीनं मिळून हे कार्ड जाहीर केलं. हेतू दोन्हीकडं सारखाच. मूळ ठिकाणी गर्दी फार झाली, तर थोडा कारभार बाजूला न्यावा. कारभार बाजूला नेला म्हणजे नेमकं काय होतं, हे आम्ही पाव शतक जवळून बघतोय. त्यामुळं मेमरी कार्डावर बोलायचा अधिकार पुण्या-मुंबईपेक्षा आम्हालाच जास्त आहे.

मोबाइलमध्ये बसतं ते मायक्रोएसडी. लांबी 15 मिलिमीटर, रुंदी 11, जाडी 1. सोयाबीनच्या रानात पडलं तर पुढच्या खरिपालाच सापडायचं. पण साध्या बटनांच्या फोनच्या काळात या एवढ्याशा तुकड्याचा थाट काही औरच होता. मोबाइलच्या दुकानात ‘कार्ड भरून देणे’ हा स्वतंत्र धंदा होता. ‘दोन जीबी भर’ म्हटलं की दुकानदार विचारायचा, ‘का भरू?’ मग गिऱ्हाईक ताटात वाढून घेतल्यागत सांगायचं: कीर्तन थोडं जास्त, प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, भीमगीतं, नव्वद सालानंतरची हिंदी, आणि कोपऱ्यात मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ. उरलेल्या जागेत दुकानदार आपल्या आवडीचं काहीतरी कोंबायचा आणि ते हमखास सोयरे घरी आल्यावर वाजायचं.

त्या काळी कार्ड मालकाचं असे, फोनचं नव्हे. ते या फोनातून त्या फोनात, तिथून ट्रॅक्टरच्या टेपात, तिथून पाहुण्याच्या खिशात असं हिंडायचं. माझे मामा आजही त्याच काळात राहतात. फोन मात्र त्यांनी नव्या काळातला घेतला आहे आणि सगळी गोष्ट तिथंच अडते.

मामांचा फोन 16 जीबीचा. त्यातली निम्मी जागा फोन स्वतःच खातो. उरलेल्या निम्म्यावर सकाळच्या शुभेच्छांचा ताबा आहे. सूर्य, गुलाब, पांडुरंग, कपबशी आणि सुविचार असे पाचही घटक एकाच फोटोत बसवणारी माणसं मामांच्या प्रत्येक ग्रुपात आहेत. फोटो काढून टाका म्हटलं तर मामा म्हणतात, “लोकांनी मायेनं पाठवलेलं पुसायचं कसं रे?”

अशा फोनवर ऑगस्टात ई-पीक पाहणी येते. 15 ऑगस्ट 2021 पासून ही सोय राज्यभर झाली. शेतकऱ्यानं आपल्याच रानात उभं राहून, आपल्याच फोनवर पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. मामा बांधावर उभे राहिले, सोयाबीनवर फोन धरला. अॅप म्हणालं, आधी मला नवं करा. फोन म्हणाला, जागा नाही.

मामांनी मला फोन लावला. “भाच्या, हे जागा नाही म्हणायलंय. आन् आत बत्तीस जीबीचं कार्ड मोकळं पडलंय. त्यात का बसंना झालंय हे?”

प्रश्न बिनतोड होता. जगातल्या कोट्यवधी लोकांनी तो विचारला आहे आणि बहुतेकांना धड उत्तर मिळालेलं नाही. मी मामांना कळेल असं, म्हणजे महसूल खात्याच्या भाषेत, उत्तर द्यायचं ठरवलं.

“मामा, नवा तालुका झाला तरी आपला प्रांत कुठं बसतो?”

“उदगीरला.”

“झालं तर मग. कार्ड म्हणजे जळकोट. फोन म्हणजे उदगीर.”

2010 साली अँड्रॉइडच्या 2.2 आवृत्तीनं अॅप कार्डावर न्यायची परवानगी दिली. लोकांनी फटाफट अॅपं हलवली. पण हललं ते नुसतं धड. अॅपची माहिती, नोंदी, हिशेब सगळं फोनच्याच पोटात राहिलं. पाटी नव्या गावी, दप्तर जुन्या गावी. शिवाय अॅप हलवू द्यायचं की नाही हे ज्यानं ते बनवलं त्याच्या मर्जीवर. गजर लावणारं अॅप तर हलवूच नये, कारण कार्डावरून ते आपल्याला उठवील याची खात्री नाही.

2013 साली 4.4 आवृत्ती आली आणि उलटाच आदेश निघाला. अॅपांनी कार्डावर वाटेल तिथं लिहायचं नाही. प्रत्येकाला स्वतःच्या नावाची एक खोली मिळेल, तिच्यातच काय मांडायचं ते मांडा. आणि अॅप काढून टाकलं की खोलीही सामानासकट जाईल. यामागं कारण होतं. कार्डावर कुणीही काहीही लिहायचं, कुणीही कुणाचंही वाचायचं, असा तोवर मोकळा कारभार होता. पण ज्याचं सामान गेलं त्याला कारण सांगून काय उपयोग?

2015 साली 6.0 मध्ये तिसरा प्रयोग झाला, कार्ड फोनमध्ये विलीन करण्याचा. कार्ड पुसायचं, त्याला गुप्त कुलूप घालायचं आणि फोननं ते आपलंच अंग समजून वापरायचं. मात्र त्यानंतर ते कार्ड त्या एका फोनशिवाय दुसरीकडं कुठंही उघडत नाही. अनेक कंपन्यांनी ही सोय आपल्या फोनांत दिलीच नाही. मामांच्या फोनात ती होती.

दुकानातल्या पोरानं विलीनीकरण करून दिलं. कीर्तनं आधी दुसऱ्या कार्डावर उतरवून घेतली, मगच मामांनी कार्ड पुसू दिलं. अॅपं तिकडं गेली, फोन हलका झाला. हलका झाला, पण पळेना. याचं कारण कार्डाची जात. फोटो किंवा गाणं म्हणजे एकच मोठी नोंद, ती कुठलंही कार्ड सांभाळतं. अॅप मात्र सारखं इथं थोडं वाच, तिथं थोडं लिही असं करतं. त्यासाठी 2016 पासून ‘ए1’ असा शिक्का निघाला आहे. असं कार्ड सेकंदाला किमान 1500 वेळा इकडंतिकडं वाचू शकतं आणि 500 वेळा लिहू शकतं. मामांच्या कार्डावर शिक्का नव्हता, जुना डिंक होता.

तरीही ते चाललं असतं. पण मामांनी एका संध्याकाळी सवयीप्रमाणं कार्ड उपसलं आणि ट्रॅक्टरच्या टेपात घातलं.

टेप म्हणाला, यात काही नाही. फोन म्हणाला, माझं काही राहिलं नाही. फोनच्या पडद्यावर अॅपांच्या खुणा करड्या पडल्या होत्या. रस्त्यावर ट्रॅक्टर मुका, हातात फोन मुका, आणि मधे मामा. माझ्या माहितीत मामा इतके शांत आधी कधी बसले नव्हते. कार्ड परत फोनात घातल्यावर अॅपं उठली, मामाही उठले. “माझंच कार्ड, अन् माझ्याच टेपात चालंना? मग विलीन होऊन फायदा का?” मराठवाड्याच्या माणसानं विचारलेला हा प्रश्न मी तिथंच सोडून दिला.

विलीनीकरण मोडलं, अॅपं परत फोनात आली आणि जागा पुन्हा संपली. पुढं त्यांनी बाजारातून 128 जीबीचं स्वस्त कार्ड आणलं. अशा कार्डांत खरी जागा आठच जीबी असायची शक्यता असते. आतली चिप फोनला खुशाल 128 चा आकडा सांगते. आठ भरले की नवं सामान जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं. फोन मात्र ‘जमा झालं’ म्हणतो. नसलेल्या जमिनीचा सातबारा म्हणतात तो हाच. मामांना हे एका वाक्यात पटलं. कार्ड दुसऱ्याच दिवशी परत गेलं.

तोवर नव्या फोनांनी कार्डाची खोबणच बंद करायला घेतली आहे. काहींत आहे, पण तिथं एक तर दुसरं सिम ठेवा नाही तर कार्ड. मामांचं एक सिम आधारला आणि बँकेला जोडलेलं, दुसऱ्याला रानात रेंज येते. म्हणजे ओळख, रेंज आणि कीर्तन यांपैकी कुठलीही दोनच मिळतील.

मार्ग साधा आहे आणि म्हणूनच तो कुणाला आवडत नाही. अॅपं फोनात राहू द्यावीत. कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर जातील अशी खूण लावावी. व्हॉट्सअॅपचे गुलाब आपोआप कार्डावर जात नाहीत, ते हातानं उचलून न्यावे लागतात. मामा ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे विषय संपला.

पाहणीची मुदत मात्र थांबणार नव्हती. एका फोनवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते. शेवटी मीच माझा फोन घेऊन मामांच्या बांधावर गेलो, सोयाबीनचा फोटो काढला, नोंद केली. पुरावा म्हणून त्या नोंदीचं चित्र मामांना पाठवलं. मामा बराच वेळ फोनकडं बघत राहिले.

“उतरंना. जागा नाही म्हणायलंय.”

जळकोटला येऊन मी त्याची झेरॉक्स काढून दिली. मामांनी कागदाच्या चार घड्या घातल्या, फोनचं मागचं कव्हर काढलं, कागद आत सरकवला, कव्हर दाबून बसवलं आणि माझ्याकडं विजयानं पाहिलं.

“बसलं का नाही फोनात?”