खरखरीसहित

आपण एकेकाळी नट होतो असा दृढ समज असलेल्या मनुष्याच्या घरी एक व्हीएचएस कॅसेट असतेच. माझी कॅसेट रायपूरच्या चौबे कॉलनीतील आमच्या महाराष्ट्र मंडळात झालेल्या नाटकाची असून तीत मी सरदार आहे. हा ठेवा संगणकात उतरवून पुढील पिढ्यांच्या स्वाधीन करावा, या निव्वळ परोपकारी हेतूने मी कामास लागलो. पुढील पिढ्यांनी तशी मागणी केल्याचे दप्तरी नमूद नाही.

पण व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालीच तो धंदा आटोपलेला, आणि माझा संगणक तर, टीपीएम २.० नामक सुरक्षाचिप अंगी नसल्याने, विंडोज ११ च्या दरबारी नामंजूर. विंडोज १० चा आश्रयही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सुटला. धडधाकट असताना सक्तीने निवृत्त होण्याचे दुःख मी जाणतो.

येथे मला बिंबाजी भोसले आठवतात. (मला ते कशावरूनही आठवतात, आम्ही रायपूरच्या मराठी तात्यापाऱ्याचे.) १७५८ पासून त्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. भोसलेशाहीच्या मोडी कागदांना ना वीज लागते ना चिप, पण ते कागद शाबूत राहून वाचणारे दुर्मिळ झाले; माझ्या कॅसेटीचे नेमके उलटे, पाहण्यास मी उत्सुक, आणि यंत्रच दुर्मिळ!

अखेर जयस्तंभ चौकाजवळ एक व्हीसीआरधारी दुकानदार सापडला. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरविण्यास तीनच तास लागतात, त्यात सवलत नाही. त्यामुळे दुकानातल्या पोरासही माझा अभिनय संपूर्ण पाहावा लागला. मध्येच तो म्हणाला, "अंकल, खरखर के साथ ये पीछे कौन बोल रही है? सॉफ्टवेअर से हटा दूँ?"

ती आमची मंडळी. कॅमेरा विंगेशी होता, आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला ती. प्रत्येक वाक्य आधी तिच्या दबल्या आवाजात, मग माझ्या गर्जनेत. सरदार मी, हुकूम तिचे. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि तिचा आवाज असलेली दुसरी कोणतीही वस्तू घरात नाही, हे मला त्या खुर्चीवर बसेपर्यंत सुचलेच नव्हते. मी त्यास निक्षून सांगितले, खरखरीसुद्धा सारे राहू दे. काही कमी करायचेच असेल तर सरदार कमी कर.

पुढे रिकाम्या पेनड्राइव्हनेही, चार जीबीहून मोठी फाईल फॅट३२ च्या कायद्यात बसत नाही म्हणून, आडमुठेपणा केला. पोराने तो पुसून एक्सफॅटमध्ये आणला. बेंगळुरूच्या चिरंजीवांनी सर्व पाहून कळविले, "आईचे पाठांतर काय जबरदस्त होते, बाबा!" सरदाराविषयी पृच्छा अद्याप आलेली नाही.