सुयांच्या टायमिंगचे आम्ही मानकरी

धारूर तालुक्यात बेलरच्या सुयांचं टायमिंग बिनचूक लावणारी दोनच माणसं आहेत. त्यातला दुसरा कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

हे वाक्य मी लग्नात, मयतीला, पारावर आणि बँकेत पीककर्जाच्या रांगेतही टाकून पाहिलं आहे. लोक हसतात. मी हसत नाही, कारण माझा त्यावर विश्वास आहे. तसा बेलर पुतण्याचा, कर्ज पुतण्याच्या नावावर, ट्रॅक्टर चालवतो तोही पुतण्याच. पण मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घरात कुणी उघडायला तयार नव्हतं, ते मी उघडलं. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या हातात निवृत्तीनंतर नवं पाठ्यपुस्तक पडलं की घरच्यांनी सावध व्हायला हवं. आमचे झाले नाहीत. धारूर म्हटलं की बाहेरची माणसं किल्ला विचारतात, घाट विचारतात, सीताफळं विचारतात. बेलरच्या नॉटरचं, म्हणजे गाठ मारणाऱ्या भागाचं, कुणीच विचारत नाही, म्हणून न विचारता सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

हार्वेस्टरमागं ओळीनं पडलेलं गव्हाचं काड किंवा तोडणीनंतर राहिलेलं उसाचं पाचट उचलायचं, दाबायचं, बांधून मागं टाकायचं, एवढंच बेलरचं काम. त्यातलं उचलणं-दाबणं मी किरकोळीत धरतो. करामत आहे ती बांधण्यात. आत प्लंजर मिनिटाला ८०-९० ठोके मारत असतो. गठ्ठा ठरल्या लांबीचा झाला की त्यातल्या एकाच ठोक्यात, म्हणजे सेकंद भरायच्या आत, दोन वाकड्या सुया खालून दोरी घेऊन वर येतात, ती नॉटरच्या ताब्यात देतात आणि परत जातात. तेवढ्यात वरचा हूक, आम्ही त्याला चोच म्हणतो, स्वतःभोवती पुरती गिरकी घेतो. दोरीचे दोन पदर त्याच्या अंगावर वेटोळं घालतात. चोच उघडते, पदर धरते, मिटते. पातं दोरी कापतं आणि पात्याचाच दांडा ते वेटोळं चोचीवरून पुढं ओढून काढतो. झाली गाठ. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, फक्त 'खटॅक' असं ऐकू येतं. त्या एका 'खटॅक'वर मी पाऊण तास बोलू शकतो. पुतण्याचे सासरे याला साक्षीदार आहेत. हल्ली ते येताना फोन करून विचारतात, मी घरी आहे का.

टायमिंगचं म्हणाल तर सुई वर येते ती प्लंजर काड दाबून पुढं आलेला असतानाच. प्लंजरच्या तोंडाला खाचा असतात, त्या खाचांतून तिला काडाचा अडथळा न होता वर जाता येतं. दोघांची वेळ चुकली की प्लंजर सुईवर आदळतो आणि मग सुई वाकते नाहीतर मोडते. म्हणून हंगामाआधी ही वेळ तपासायची. पीटीओ, म्हणजे बेलर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात. किल्लीच्या बाबतीत मी सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही, कारण सुया हाताची बोटं आणि काड यांत फरक करत नाहीत. मग नॉटरचा खटका हातानं सोडायचा आणि पुतण्यानं फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं, चालताना फिरतं त्याच दिशेनं. मी बॅटरी घेऊन खाली पालथा. सुईचं टोक आत आलं, की प्लंजर तिच्या किती पुढं गेलाय ते पट्टीनं मोजायचं आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं.

"थांब!" मी ओरडतो.

"थांबलोय, आप्पा."

"मग हललं कसं?"

"तुमची बॅटरी हलली."

असे बारकावे सोडले तर काम शास्त्रोक्त होतं. बघे जमलेले असले तर जास्तच शास्त्रोक्त होतं. रिकाम्या शेतात हेच काम मी निम्म्या वेळात उरकतो, हे पुतण्याच्या लक्षात आलं आहे. पण तो मोठ्यांचा मान राखणारा मुलगा आहे.

गाठ बसत नसली की लोक मला बोलावतात. मी गेलो की आधी मशीनकडं बघतच नाही. खाली पडलेलं दोरीचं टोक उचलतो, उजेडात धरतो आणि "हं" म्हणतो. टोक पिंजलेलं असलं तर पातं बोथट. एका टोकाला गाठ आणि दुसरं मोकळंच, तर दोरी धरणारी चकती सैल. गाठ चोचीवरच अडकून दोरी तुटली असेल, तर चोचीला गंज धरलाय नाहीतर जबड्याची स्प्रिंग फार कसलीय. हे सगळं खरं आहे आणि पुस्तकात आहे. बहुतेक वेळा मात्र चकतीखाली जुन्या दोरीचा तुकडा नाहीतर धुरळ्याचा गोळा अडकलेला असतो आणि तो साध्या चिमट्यानं निघतो. पण 'तुकडा अडकला होता' म्हटलं तर माणूस चहा पाजतो आणि 'टायमिंग सरकलं होतं' म्हटलं तर जेवायला थांबवतो. मी काय म्हणत असेन, ते सुज्ञांनी ओळखावं.

मधे एका लग्नाला निघताना बायकोनं माझ्या खिशातून फीलर गेज आणि पोलादी पट्टी बाहेर काढून ठेवली. "अहो, तिथलं टायमिंग भटजी बघतील," म्हणाली.

आता दोरी. इथं लेख भरकटतो आहे असं वाचकांना वाटेल, आणि ते बरोबर आहे. पण गाठीवर एवढं बोलून दोरीवर गप्प बसणं मला जमणार नाही.

अमेरिकेत १८७० च्या दशकात गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रं आली ती तारेची. तारेचे तुकडे चाऱ्यात मिसळून जनावरांच्या पोटात जायला लागले आणि शेतकरी वैतागले. विस्कॉन्सिन राज्यात जॉन ॲपलबी नावाचा एक गृहस्थ होता. पोरवयातच त्याच्या डोक्यात गाठ मारणारं यंत्र घुसलेलं. मधे तिथलं यादवी युद्धही लढून आला, पण ते डोक्यातून जाईना. अखेर १८७८ च्या सुमारास त्यानं सुतळीची गाठ मारणारा नॉटर जमवला आणि विल्यम डीअरिंग या कारखानदारानं तो बाजारात आणला. आजच्या आमच्या बेलरवर जी चोच गिरकी घेते, तिचं मूळ तिथं आहे. ॲपलबीबद्दल मला फार आपुलकी वाटते. एका गाठीपायी एवढी वर्षं घालवणाऱ्या माणसाला त्याच्या घरचे काय काय बोलले असतील, याची मला कल्पना करता येते.

सुतळीवर यंत्रं चालायला लागली तशी सुतळी कमी पडायला लागली. मग मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात घायपाताचे अफाट मळे उभे राहिले. मळेवाले गब्बर झाले. त्या मळ्यांत राबणारी माया लोकांची कुटुंबं मालकाच्या कर्जात अशी अडकली की मळा सोडून जाता येईना. आधी पैसे द्यायचे आणि मग ते फिटेपर्यंत माणूस बांधून ठेवायचा, हा प्रकार धारूरच्या वाचकाला समजावून सांगायला मास्तर लागत नाही. आपल्याकडं त्याला उचल म्हणतात.

त्याच घायपाताचं कूळ आमच्या बालाघाटात बांधाबांधावर उभं आहे, आम्ही केकताड म्हणतो. पानं कापून पाण्यात कुजत घालायची, ठेचायची, धुवायची, की पांढरा वाख निघतो. गावात दोर वळायचं काम मातंग घरांकडं. माझ्या लहानपणी त्यांच्या अंगणात एक जण टोक धरून उभा आणि दुसरा पीळ देत मागं मागं सरकत चालला आहे, हे बघायला मी शाळा बुडवून थांबायचो. पुढं मास्तर झालो तो त्याच शाळेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना कधी सांगितली नाही. कासरा, दावं, चऱ्हाट, नाडा, म्होरकी, वेसण, शिंकं. घरात जे काही बांधलेलं नाहीतर टांगलेलं असे, ते त्या अंगणातून आलेलं. पोळ्याच्या आधी नवे दोर दारात यायचे आणि सुगीला त्या घरी धान्य जायचं. किती जायचं आणि कसं दिलं जायचं, हे आठवलं की त्या जुन्या काळाचे गोडवे गायला माझी जीभ उचलत नाही. पुढं नायलॉन आलं. दोन-चार पावसाळ्यांत अंगणातला पीळ थांबला आणि ती माणसंही कोयता घेऊन ऊसतोडीला निघाली. आमच्या तालुक्यात कोयता कुठल्या एकाच समाजाच्या हातात नाही. दसरा-दिवाळी झाली की घाटातून ट्रॅक्टर-ट्रका भरभरून उतरतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात.

त्यांची मोळी बांधताना बघा एकदा. उसाचंच वाढं घेतलं, पीळ दिला, मोळीखालून काढलं, टोकाला टोक मुरगाळून आत खोवलं. बांधणारी बाई तेवढ्यात पोराला हाक मारते, नवऱ्याला काहीतरी सुनावते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. फीलर गेज तिच्या खिशात नसतं. खिसाही नसतो. मी एकदा फडात उभा राहून बघत होतो, तर एक जण म्हणाली, "सर, सरका बाजूला, मधी यायलाव तुमी." टायमिंगबद्दल मला दिलेला तेवढा एकच सल्ला.

बेलरच्या फ्लायव्हीलला एक शिअर बोल्ट असतो. आत दगड आला, काड तुंबलं, सुया मधेच अडकल्या, काहीही झालं तर सगळ्यात आधी तो तुटावा म्हणून मुद्दाम कच्चा ठेवलेला. तो तुटतो म्हणून सुया, प्लंजर, गिअरबॉक्स वाचतात. पुतण्या एकदा वैतागून त्या जागी चांगला पोलादी बोल्ट बसवायला निघाला, तेव्हा मी त्याला समजावलं, की बाबा रे, हा तुटण्यासाठीच आहे, याचं तुटणं हीच याची नोकरी. बोलता बोलता माझंच तोंड आंबट झालं. साखरेच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत तुटायला ठेवलेला बोल्ट कुठला, ते आमच्या तालुक्यातलं पोरगंही सांगेल. पाऊस लांबला, हंगाम आखडला, मुकादम पळाला, गाडी उलटली. आधी मोडतो तो कोयता, आणि बाकीचं यंत्र शाबूत राहतं. बोल्टचा तरी डबा भरून ठेवतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टक्के कागदावर भारी दिसतात. टन डोक्यावर उचलायचा असतो.

असो. पुतण्यानं तो पोलादी बोल्ट परत दिला, दुकानदारानं पैसे मात्र परत दिले नाहीत.

माझ्या कीर्तीला खरा सुरुंग लावला तो मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं. १९७२ च्या दुष्काळात दावणीची जनावरं जगवायला काडी काडी वेचलेली बाई. गठ्ठे बघून ती आधी खूश झाली. एवढा चारा, एवढ्याशा जागेत, गंजी रचायची कटकट नाही. मी लगेच गाठ कशी बसते ते सांगायला घेतलं. तिनं गाठीकडं बघितलंच नाही, दोरी बोटांत चोळली.

"प्लॅस्टिकची हाय का रं ही?"

"हो, पण मजबूत आहे. नॉटरमधून कशी सरकते बघ..."

"गाईच्या पोटातून कशी सरकंल, ते सांग."

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझ्याजवळ होतं, पण ते ॲपलबीच्या आधीचं निघालं. तारेच्या जागी सुतळी आली, सुतळीच्या जागी प्लॅस्टिक, आणि दीडशे वर्षं फिरून प्रश्न परत गव्हाणीत. प्लॅस्टिकची दोरी पोटात कुजत नाही, पचत नाही. तुकड्यावर तुकडा साठत जातो, जनावर रवंथ सोडतं, चारा सोडतं, आणि शेवटी डॉक्टरांना पोट उघडून गोळा काढावा लागतो. तोही वेळेत लक्षात आलं तर.

तेव्हापासून घरात मोठ्या आईचा कायदा आहे. एका गठ्ठ्याला दोन दोऱ्या. दोन्ही तिच्या हातात आल्याशिवाय चारा गव्हाणीत पडत नाही. एकदा एकच आली. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहून एक बेलरवाला खास मला भेटायला आलेला, मी ओट्यावर बसून त्याला सुयांचं टायमिंग सांगत होतो. आतून आवाज आला, "तुजं टायमिंग ऱ्हाऊ दे तिकडं. दुसरी दोरी कुटंय?" आम्ही दोघांनी मिळून सगळं काड उपसलं. दोरी सापडली ती वासराच्या पायाखाली, एक टोक चघळलेलं. पाहुणा जाताना मोठ्या आईच्या पाया पडून गेला, माझ्याकडं नुसती मान हलवली.

जमलेल्या दोऱ्यांचं ती आता तीन पदरी दावं वळते. बाजारातल्या दाव्यापेक्षा ते जास्त टिकतं. लोक गठ्ठे बघायला येतात आणि दावं कुठं मिळेल विचारतात.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. आमचा किंवा कुणाचाही गठ्ठा तुमच्या गोठ्यात आला, तर गाठ मुठीत धरा, तिच्या शेजारी दोरी कापा आणि गाठीला धरून ओढा, म्हणजे दोरी सबंध बाहेर येईल. दोन मोजा, खुंटीला अडकवा, मग चारा टाका. आणि गाठच नीट बसलेली नसेल, तर मला बोलवा. जेवणाच्या वेळेला बोलावलंत तर टायमिंगही बघून देईन.