वकिलाविना दिल्ली

बांधाच्या भांडणात हायकोर्टात हरलेल्या अण्णांनी दिल्लीतल्या वकिलाची फी ऐकली, एक पेला पाणी प्यायले आणि जाहीर केलं, की सुप्रीम कोर्टात आपण स्वतःच उभं राहणार. मुदत नव्वद दिवसांची. न्यायाचं दार सर्वांना उघडं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते खरंही आहे. फक्त दारात रजिस्ट्रार असतात.

सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या नियमांनुसार, स्वतः बोलायचं असेल तर स्वतः बोलू द्या असा अर्ज आधी करावा लागतो. वकील का देता येत नाही याची कारणं त्यात लिहायची. कोर्टाने दिलेला वकील चालेल का, तेही लिहायचं. मग रजिस्ट्रार अण्णांशी बोलणार आणि अभिप्राय देणार, की या गृहस्थांची न्यायालयाला पुरेशी मदत होईल का! अण्णा बिचारे न्यायालयाची मदत मागायला निघालेले. मदत होण्यासारखी नसेल तर न्यायमित्र नेमावा, अशी शिफारस होऊ शकते. मित्र अर्थात न्यायालयाचा.

एक सवलत मात्र मान्य करायला हवी. सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करणाऱ्या ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डला कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत ऑफिस थाटावं लागतं. अण्णांना तशी सक्ती नाही. कवठेमहांकाळहून ये-जा करायला ते मोकळे आहेत.

आता मुद्द्याकडे, म्हणजे कागदाकडे वळू. कागद ए-फोर, 75 जीएसएमपेक्षा पातळ नको. छपाई पाठपोट. अक्षर टाइम्स न्यू रोमन, 14 आकाराचं. ओळींत अंतर दिडाचं. डावीउजवीकडे समास 4 सेंटिमीटर, वर-खाली 2. शेजाऱ्याने चार फूट बांध कोरला हे सिद्ध करण्यात अण्णांची हयात गेली. समास अर्धा सेंटिमीटर कोरला, तर रजिस्ट्रीला पुरावा लागत नाही. डिफेक्ट निघतो, आणि तो दुरुस्त करायला 28 दिवस मिळतात. अण्णांच्या मते मोजणी खात्यात खरं तर हीच माणसं हवीत.

राहता राहिली भाषा. घटनेच्या 348 व्या कलमानुसार इथला कारभार इंग्रजीत. म्हणजे सातबारा, फेरफार, पंचनामा, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. पंचनामा तलाठ्याच्या हातचा असल्याने तो आधी मराठीत लागायला हवा. त्यासाठी अण्णा निवृत्त तलाठ्याकडे जाऊन आले. त्यांनाही लागला नाही.

पण सुप्रीम कोर्ट मराठीला विसरलेलं नाही बरं. निकालांच्या भाषांतरासाठी 2019 पासून ‘सुवास’ नावाची संगणकप्रणाली आहे, आणि बरेच निकाल मराठीत येतात. अण्णांचाही येईल कदाचित. त्यावर सूचना असते: हे भाषांतर पक्षकाराला समजावं एवढ्यापुरतंच आहे, इतर कशासाठीही वापरू नये.