पंच, पेनल्टी आणि जिन्याची पाळी

स्टुटगार्ट, सप्टेंबर 2024

तीर्थरूप आबा आणि सौ. माई यांच्या चरणी स्टुटगार्ट येथील कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. गेल्या रविवारी फोनवर माईंनी ज्या दोन शंका काढल्या, त्यांचे निरसन तेथल्या तेथे होणे शक्य नव्हते, कारण एक तर गगनबावड्याची रेंज पावसाच्या मर्जीवर चालते आणि दुसरे म्हणजे आबा मध्येच फोन काढून घेऊन करूळ घाटाच्या कामाविषयी बोलू लागतात. म्हणून प्रस्तुत पत्राचा प्रपंच. पहिली शंका अशी की, फुटबॉलमध्ये जर्मनीवर अन्याय झाल्याचे युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आता आपणहून मान्य केल्याची बातमी आली असल्याने तेथील लोक खवळतील काय, आणि खवळल्यास नातवाला शाळेत पाठवावे काय. दुसरी अशी की, बंडूने कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होण्याचे मनावर घेतले आहे, त्याला आवरावे कसे. नातू रोज शाळेत जातो, डबाही संपवतो, एवढ्यावर पहिली शंका मिटावी. दुसरी मिटण्यास मात्र वेळ लागणार आहे.

तत्पूर्वी पार्सलची पोच. नाचणीचे पीठ, काजू आणि कांदा-लसूण चटणी सुखरूप मिळाली. चटणीची पिशवी फुटली नव्हती, परंतु तिचा वास पेटीच्या बाहेर पडून पार्सल आणून देणाऱ्या इसमापर्यंत पोचला होता, आणि त्याने पेटी हात लांब करून दिली. चटणी ज्या पेपरात गुंडाळली होती तो मार्च महिन्यातील असून त्यावर शाहू स्टेडियमवरील एका सामन्याची हकिगत होती. मात्र पेपर नेमका अशा ठिकाणी फाटला होता की, ‘पंचांनी पेनल्टी दिली तेव्हा’ इथपर्यंतच मजकूर शिल्लक राहिला. चिरंजीवांनी तेलाचे डाग उन्हाकडे धरून पुढची ओळ लावण्याचा प्रयत्न केला, मग बंडूला फोन केला, तेव्हा बंडूने पेनल्टी बरोबर होती असे सांगितले आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राने पंच मॅनेज झाला होता असे ओरडून सांगितले. सहा महिने लोटूनही दोघांचा आवाज चढलेला होता, त्यामुळे बंडूच्या नव्या व्यवसायाविषयी कुटुंबास जे म्हणायचे आहे त्याची सुरुवात येथूनच करणे योग्य.

युएफाची ती बातमी ज्या सामन्याची, आणि ज्यावरून येथे धुसफूस चालू आहे, तो याच शहरात 5 जुलै 2024 रोजी झाला. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनी आणि स्पेन यांची एक-एक अशी बरोबरी होऊन जादा वेळ सुरू होता. 106 व्या मिनिटाला जमाल मुसियालाने मारलेला चेंडू गोलाकडे जात असताना स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या डाव्या हाताला लागला, आणि इंग्रज पंच अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली नाही. पुढे 119 व्या मिनिटाला मिकेल मेरिनोने डोक्याने गोल करून जर्मनीला घरी बसवले, म्हणजे ती मंडळी घरीच होती, परंतु स्पर्धेबाहेर गेली. चेंडू हाताला लागला एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. बचाव करणाऱ्या खेळाडूने हात मुद्दाम चेंडूकडे नेला असेल, किंवा हात अशा रीतीने पसरला असेल की त्यामुळे शरीराचा आकार अस्वाभाविकपणे वाढतो, तरच तो हँडबॉल ठरतो. आता ‘अस्वाभाविक’ कशास म्हणावे हे ठरवणे पंचाच्या हाती आले, आणि तेथेच सारा घोळ आहे. मैदानाबाहेर पडद्यासमोर बसून चित्रफीत तपासणारे साहाय्यक पंच, ज्यांना सर्वत्र व्हीएआर म्हणतात, तेही त्या दिवशी हजर होते, आणि त्यांनीही मूळ निर्णयात हस्तक्षेप केला नाही. स्पर्धेतील प्रत्येक कॅमेऱ्याने तो हात पाहिला. पाहण्यात कोणाचेही दुमत नव्हते, दुमत होते ते पाहिलेल्याला काय म्हणायचे यावर.

यानंतर जर्मन प्रेक्षकांनी जो मार्ग पत्करला तो आपल्याकडील भाऊबंदकीस शोभेल असा होता. सामना पुन्हा खेळवावा, अशा अर्जावर लाखाहून अधिक सह्या जमल्या. म्युनिकच्या उपांत्य सामन्यात आणि बर्लिनच्या अंतिम सामन्यात कुकुरेयाच्या पायाला चेंडू लागताच शिट्ट्यांचा कल्लोळ होई. त्याने काय केले, तर अंतिम सामन्यात 86 व्या मिनिटाला डावीकडून असा पास दिला की ओयार्झाबालने त्यावर विजयी गोल केला, आणि शिट्ट्या मारणाऱ्यांना तोंड उघडे ठेवून घरी जावे लागले. स्टुटगार्टच्या त्या सामन्यात मात्र पहिल्या काही मिनिटांतच जर्मनीच्या टोनी क्रोसने पेद्रीला असे पाडले की तो पुढे खेळू शकला नाही, आणि क्रोसला त्याबद्दल पिवळे कार्डसुद्धा मिळाले नाही, याची आठवण येथे कोणी काढत नाही. काढल्यास समोरचा मनुष्य हवामानाविषयी बोलू लागतो.

येथे लेखन काही काळ थांबवावे लागले, कारण या आठवड्यात जिन्याची पाळी आहे. श्वाबेन प्रांतातील हा आचार माईंना एकदा नीट समजावून सांगणे आवश्यक आहे, म्हणजे ‘तिथे तुम्हाला काम काय असते’ हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. इमारतीतील प्रत्येक कुटुंबाने आळीपाळीने एकेक आठवडा सामाईक जागा झाडून-पुसून घ्यायची असते, त्यास येथे केअरवोखे म्हणतात, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी लटकवली जाते. धाकट्या पाळीत जिना व कठडा येतो, थोरल्या पाळीत फुटपाथ, तळघराची वाट आणि हिवाळ्यात बर्फ. शहराने ही सक्ती केव्हाच उठवली असली, तरी ती भाडेकरारात आणि शेजाऱ्यांच्या मनात शाबूत आहे. पाटी शुक्रवारी उतरवायची की शनिवारी, फडके कोरडे की ओले, पायरीची पुढची कड पुसलेली धरायची की नाही, यांवर अपील नाही. सूनबाईंनी एकदा रविवारी जिना पुसला, तर रविवार हा शांततेचा दिवस असल्याचे त्यांना बादलीसह ऐकावे लागले. शनिवारी पुसला तेव्हा कठडा राहिला होता. माहेरी वळिवाचा पाऊस आला की अंगण आपोआप धुऊन निघते, असे त्यांनी त्या वेळी मराठीत म्हटले, परंतु त्याची नोंद घेतली गेली नाही.

या जिन्याचे पंच म्हणजे तळमजल्यावरचे आजोबा होत. नियम म्हणजे नियम, आणि पाहणाऱ्याने दिलेला निर्णय गुमान मानावा, असे त्यांचे मत कठड्याच्या बाबतीत अत्यंत ठाम आहे. फुटबॉलच्या बाबतीत ते तितकेच ठाम, परंतु उलट आहे. 30 जुलै 1966 रोजी वेम्ब्ली येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूस लागून जमिनीवर आपटला आणि बाहेर आला. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी रेषापंच तोफिक बहरामोव यांना विचारून गोल दिला, आणि जर्मनी शेवटी चार विरुद्ध दोन असा हरला. आजोबा तेव्हा शाळकरी होते. चेंडू रेषेच्या आत पडला नव्हता, हे ते आजही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चप्पल ठेवून दाखवतात, आणि ऑक्सफर्डच्या अभियंत्यांनी 1996 मध्ये चित्रफितीवरून मोजमाप करून त्यांच्याच बाजूने कौल दिला आहे. तिकडे बहरामोव यांच्या बाकूमध्ये मात्र स्टेडियमला त्यांचे नाव असून त्यांचा पुतळाही उभा आहे, आणि त्याच्या अनावरणास खुद्द हर्स्ट गेले होते.

पुढे 27 जून 2010 रोजी ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू दांड्याला लागून रेषेच्या चांगला आत पडला, तो गोल दिला गेला नाही, आणि त्या वेळी समोर जर्मनीच होता. आजोबांच्या मते ती 44 वर्षांची उधारी व्याजाविना फिटली. चेंडू रेषा ओलांडून गेला की पंचाच्या घड्याळावर खूण करणारी यंत्रणा 2012 मध्ये संमत झाली, ती या प्रकरणाच्याही रेट्यामुळे, आणि तेव्हापासून रेषेचा वाद बऱ्याच अंशी संपला. पण राग संपला नाही. तो रेषेवरून उठून हातावर जाऊन बसला, कारण रेषा मोजता येते आणि हेतू मोजता येत नाही. आपल्याकडे तात्यांच्या बांधाची सरकारी मोजणी झाली, नकाशा आला, दगड रोवले गेले, तरी तात्यांचा राग कमी झाला नाही, उलट आता ते मोजणीदाराच्या साखळीविषयी बोलतात. त्यांना इथल्या प्रेक्षकांत बसवले तर परके वाटणार नाही. हरणे पचवणे जड असते, लुबाडले गेल्याचे सांगणे सोपे असते, आणि त्या सांगण्यासाठी एक नाव लागते. अकरा खेळाडूंची नावे कोण लक्षात ठेवणार, पंच एकच असतो.

आबांना पैशाच्या गोष्टी आवडतात म्हणून दोन आकडे येथे नोंदवले आहेत. या देशात प्रत्येक घराने सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणीसाठी महिना 18.36 युरो, म्हणजे 2024 च्या दराने साधारण सतराशे रुपये, भरायचे असतात, घरात टीव्ही असो वा नसो. कुटुंबाकडे टीव्ही नाही. चिरंजीवांनी तसे लेखी कळवले, तेव्हा आकारणी टीव्हीवर नसून राहत्या जागेवर आहे, असे सभ्य भाषेत उत्तर आले. अर्थात कुकुरेयाचा हात देशभर दाखवण्यात या कुटुंबाचाही वाटा आहे, आणि तो वसूल व्हावा म्हणून तो सामना शेजाऱ्यांकडे जाऊन पाहण्यात आला. दुसरा आकडा मोठा आहे. 22 जून 1986 रोजी मेक्सिकोत माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल ज्यांनी ग्राह्य धरला, ते ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांनी तो चेंडू जपून ठेवला होता, आणि 2022 मध्ये लिलावात त्याला सुमारे 20 लाख पौंड मिळाले. बंडूला हा आकडा सांगू नये. पण त्याच सामन्याचे बल्गेरियन रेषापंच बोगदान दोचेव यांच्या वाट्याला असे काही आले नाही आणि तो गोल आयुष्यभर त्यांच्या मागे लागला, हे मात्र जरूर सांगावे.

पंचांवरील आबांच्या रागाविषयी कुटुंबास पूर्ण सहानुभूती आहे. 11 जून 2024 रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत छांगतेच्या गोलामुळे कतारच्या पुढे होता. 73 व्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतने अडवलेला चेंडू गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला, तो ओढून आत आणला गेला, यूसुफ आयमनने जाळ्यात मारला, आणि कोरियन पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआरची सोय नव्हती. पुढे आणखी एक गोल खाऊन भारत दोन-एक असा हरला आणि पुढल्या फेरीत जाण्याची संधी गेली. भारतीय महासंघाने तक्रार केली, परंतु निकाल तोच राहिला. त्या रात्री आबांनी येथे फोन केला तेव्हा गगनबावड्यात पहिला मोठा पाऊस चालू होता, आणि पंचाला उद्देशून आबा जे म्हणाले ते पडवीच्या पत्र्यावरील आवाजात नीट ऐकू आले नाही. सूनबाई मात्र फोन कानाशी धरून बसून राहिल्या. पाऊस येथेही पडतो, पण तो काचेच्या पलीकडे पडतो आणि दिसतो तेवढाच असतो. पुढच्या वेळी बोलणे संपल्यावर फोन लगेच न ठेवता पाच मिनिटे पडवीतच राहू द्यावा, पैसे पडत नाहीत, अशी विनंती आहे. कारण विचारू नये.

आता बंडू. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला, म्हणजे ज्या आखाड्यांत कुस्ती होई त्यांनीच संघ उभे केले, आणि म्हणून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तेथे खेळाची कमी आणि घराण्याची अधिक वाटतात. अशा गावात पंचाला पेठ असून चालत नाही, आणि कोल्हापुरात पेठ नसलेला माणूस सापडत नाही. या दृष्टीने बंडू गगनबावड्याचा असणे हीच त्याची मोठी पात्रता आहे. त्याच्यावर कोणत्याही पेठेचा आरोप करता येणार नाही, फार तर तो पावसाळी म्हणता येईल. परीक्षेचा अभ्यास, पळण्याचा सराव आणि आईबहिणीवरून ऐकण्याची तयारी या तिन्ही गोष्टी त्याने कराव्यात, असे कुटुंबाचे मत आहे, आणि माईंनी त्याला अडवू नये. मार्चमधल्या त्या पेनल्टीविषयी मित्राने ओरडून सांगितल्यावरही तो आपल्या मतावरून हलला नाही, हे लक्षण चांगले आहे.

आक्कांच्या मुलीचे बारसे झाल्याचे वाचून आनंद झाला. नाव कोणी ठेवले यावरून जे झाले तेही कळले, त्यात कुटुंब कोणाचीही बाजू घेत नाही. करूळ घाट पुन्हा सुरू होईपर्यंत वैभववाडीकडील पाहुण्यांना भुईबावड्यावरून यायला सांगावे आणि तात्यांना त्यांच्या शेजारी बसवू नये. बंडूसाठी शिट्टी घेतली आहे, ती दिवाळीला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली जाईल. मंगळवार पेठेतून त्याला जे स्थळ सांगून आले आहे, त्या मंडळींची तालीम कोणती आणि गेल्या मोसमात ती कोणत्या सामन्यात कोणामुळे हरली, हे आधी बाहेरून काढावे, आणि ते कळेपर्यंत मुलगा काय करतो असे विचारल्यास शेती करतो, असेच सांगावे.