सोळाशेची मेंढी

आमच्या अण्णांनी आयुष्यात पुष्कळ बैल घेतले, त्यातला एकही फसला नाही. मी आयुष्यात एकच ड्रॅगन घेतला. त्याची मेंढी झाली.

गेवराईत माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, आणि मृग लागला की फुकटचा सल्ला. जूनमध्ये दुकानासमोर जी गर्दी होते ती सल्ल्यासाठी नसते, पाकिटासाठी असते. ते पाकीटही ठरलेलं. मागच्या साली पाव्हण्याच्या रानात डोक्याएवढी कपाशी झाली होती, तीच पाहिजे. मी विचारतो, "पाव्हण्याची जमीन काळी, तुमची मुरमाड. पाव्हण्याला विहीर, तुमचं आभाळाकडं. ते वाण तुमच्याकडं काय करील?" माणूस मान हलवतो, सगळं पटल्यासारखं करतो आणि म्हणतो, "बरोबर हाय. पण तेच द्या."

अशी वीस वर्षं लोकांच्या अकलेची कीव करण्यात गेली. मग 2017 उजाडलं.

आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. तालुक्यात पाणी नव्हतं तिथंही नेट पोचलं. भाचा तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला तेव्हा दुकानाच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर पत्ते खेळायचा. पेरण्या उरकल्यावर दुकानात माश्या आणि मी एवढेच उरतो. मी म्हणालो, मलाही दाखव. तो म्हणाला, "मामा, नका. तुम्हाला निवड जमत नाही." वाणांची निवड करून देणाऱ्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे त्याच्या हातानं खेळ उतरवून घेणंच होतं.

खेळाचं नाव हार्थस्टोन. 2014 साली संगणकावर आलेला, दुसऱ्या वर्षी मोबाइलवर. यात बावन्न पत्त्यांचा कॅट नसतो. पत्ते हजारावर, त्यातले 30 निवडून आपला कॅट आपण लावायचा. तेव्हा नऊ नायक होते, प्रत्येकाचे काही पत्ते फक्त त्याचेच. म्हणजे हे वाण भारी जमिनीचं, ते हलकीचं. उरलेले कुठल्याही रानात चालणारे. प्रत्येक पत्त्याला किंमत असते, ती 'माना'त मोजायची. पहिल्या खेपेला एक माना, दुसरीला दोन, असं करत दहाव्या खेपेला दहा. विहिरीला हळूहळू पाझर सुटावा तसं. महागडा पत्ता हातात असला तरी विहीर भरेपर्यंत बसून राहायचं, आणि तोवर समोरचा तुमच्या बांधावर चढलेला असतो.

घरी बातमी पोचायला वेळ लागला नाही. बायको म्हणाली, "अहो, भर दुकानात तिर्रट खेळता म्हणे!" मी म्हणालो, यात पैसे लावत नाहीत. अण्णांनी ओसरीवरून विचारलं, "पैसे नाहीत तर मग खेळतो कशाला?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि पैसे अगदीच लागले नाहीत असंही नाही. एकदा, फक्त एकदा, मी कपाशीच्या तेव्हाच्या एका पाकिटाएवढे, म्हणजे 800 रुपये, त्या खेळात घातले. हिशेबाच्या वहीत ते 'किरकोळ' या सदरात आहेत. बायको मासिकं वाचत नाही म्हणून इथं लिहिलं.

तर पत्ते मिळवायचे दोन मार्ग. एक, पाकीट फोडायचं. पाकिटात पाच पत्ते, त्यातला निदान एक बरा, बाकी बहुतेक वेळा भुसा. हे बघताच मला माहेरी आल्यासारखं वाटलं. याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. हवं ते खत पाहिजे तर सोबत नको ती बाटली उचला. वरून आमच्यावर लिंकिंग होतं, आम्ही ते खाली शेतकऱ्यावर ढकलतो आणि रात्री झोपतोही. पाकिटात काय निघेल याचा भरवसा नाही. त्याच वर्षी चीन सरकारनं अशा खेळांना शक्यता जाहीर करायला लावल्या, तेव्हा कळलं की सगळ्यात वरच्या दर्जाचा 'लेजेंडरी' पत्ता सरासरी 20 पाकिटांत एक. आमच्या बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापलेली असते. ती कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

दुसरा मार्ग सराफाचा. नको असलेले पत्ते मोडायचे, त्यांची 'डस्ट' म्हणजे धूळ मिळते, त्या धुळीतून हवा तो पत्ता घडवायचा. भाच्यानं एका खत कंपनीच्या पॅडवर दर लिहून दिले. कॉमन पत्ता घडवायला 40, रेअरला 100, एपिकला 400, लेजेंडरीला 1600. आणि मोडायला गेलं तर अनुक्रमे 5, 20, 100, 400. मी सराफकट्ट्यावर बायकोबरोबर बसलेला माणूस. सराफ मोडीत घट धरतो हे माहीत होतं. पण सोळाशेचा दागिना मोडून चारशे देणारा सराफ आमच्या जिल्ह्यात दुकान उघडून दाखवू द्या.

त्याच पॅडच्या पाठीमागे भाच्यानं हंटर नावाच्या नायकाचा तीस पत्त्यांचा कॅट लिहून दिला. एकही लेजेंडरी नाही. सगळे लहान, एक-दोन-तीन मानाचे, पटापट उतरणारे. "मामा, आधी एवढाच पूर्ण करा. यातले बरेच तुमच्याकडं आहेत. दहा कॉमन पडतात कमी. बाकी काही मोडू नका, काही घडवू नका."

मी यादी बघितली. लांडगे, डुकरं, कसलेसे सापळे. एकाचंही नाव चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. आणि घडवण्याच्या पानावर, बोटानं खाली सरकवता सरकवता, तो दिसला. डेथविंग. काळा ड्रॅगन, तोंडातून लाव्हा. ताकद 12, जीव 12, किंमत दहा माना. मैदानात उतरला की बाकीचं सगळं मारून टाकतो. त्याच वाक्यात पुढं आणखी चार-पाच शब्द होते. ते मी वाचले नाहीत.

इथं अण्णांचं सांगायला पाहिजे. अण्णा हिरापूरच्या बाजारात बैल बघायला जायचे तेव्हा मला लहानपणी सोबत न्यायचे. बाजारात शिरताशिरता एखादा बैल असा उभा असायचा की पायच निघू नये. शिंगं कमानीसारखी, अंगावर हात ठेवला तर घसरावा. अण्णा त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. ते भलत्याच कुठल्यातरी मळकट बैलापाशी उकिडवे बसायचे, दात बघायचे, दोन दाती आहे की चार दाती की जुळला, खूर बघायचे, चालवून बघायचे. मग दलालाच्या हातावर रुमाल पडायचा आणि आत बोटांनी भाव चालायचा. मी एकदा विचारलं, तो देखणा का नाही घेतला? म्हणाले, "आपला घरचा बैल अंगानं लहान हाय. त्याच्याशेजारी तो जुंपला तर जू तिरकं पडंल. बैल बघायचा नसतो रे, जोडी बघायची असती."

हे मी चाळीस वर्षं लक्षात ठेवलं आणि ऑगस्टमध्ये विसरलो.

त्या साली 21 ऑगस्टला पोळा होता. आदल्या संध्याकाळी अण्णा गोठ्यात बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळत होते आणि मी ओसरीवर पत्ते मोडत होतो. पाकिटात निघालेला एक लेजेंडरी मोडला, 400. चार एपिक मोडले, 400. वीस रेअर, 400. कॉमन तर ऐंशी मोडले तेव्हा कुठं 400 झाले. बरोब्बर 1600. मोडताना पत्त्याचा चुरा होतो आणि काच फुटल्यासारखा गोड आवाज येतो. ऐंशी वेळा तो आवाज ऐकून आतून बायको म्हणाली, "काय फोडताय एवढं?" मी म्हणालो, काही नाही, किरकोळ.

त्या किरकोळात भाच्याच्या यादीतले लांडगेही होते.

डेथविंग घडला तेव्हा पडदा असा उजळला की अण्णांनी गोठ्यातून विचारलं, "लाइट आली का?"

पोळ्याच्या रात्री, पुरणपोळी पोटात आणि ड्रॅगन कॅटमध्ये, मी डाव लावला. तो हाती यायलाच तीन डाव गेले. तिन्ही मी सहाव्या-सातव्या खेपेला हरलो. चौथ्या डावात समोर एक जादूगारीण होती. कशीबशी दहावी खेप आली. तिचे चार शिलेदार मैदानात, माझं रान मोकळं, माझ्या हातात सहा पत्ते. सहावा डेथविंग. मी अण्णांना हाक मारली, इकडं या, बघा आता.

टाकला. पडदा हादरला. तिचे चारही गेले. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा मोबाइलकडंच बघत होते. म्हणाले, "तुझ्या हातातले कुठं गेले?"

न वाचलेले चार-पाच शब्द ते होते. डेथविंग आपल्याही हातातले सगळे पत्ते फेकून देतो. पेरणी झालेली, आणि घरातलं उरलेलं बियाणंही उंदरानं नेलेलं. म्हटलं हरकत नाही, बारा ताकदीचा एकटा पुरेसा आहे. तिनं चार मानाचा एक पत्ता टाकला. पॉलिमॉर्फ. खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येकाला फुकटात मिळणारा, मोडताही न येणारा. धुराचा एक लोट, आणि माझ्या सोळाशेच्या ड्रॅगनच्या जागी एक पांढरी मेंढी. ताकद एक. जीव एक.

मेंढी ओरडली.

"मेंढी कुणाची?" अण्णांनी विचारलं.

"माझीच."

अण्णांनी थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. "कापायच्या लायकीची पण नाही," म्हणाले आणि बैलांना पेंड टाकायला गेले. समोरच्या जादूगारणीनं 'थँक यू' म्हटलं. या खेळात समोरच्याशी ठरावीक सहा गोष्टीच बोलता येतात. सहाही झोंबतात.

सप्टेंबरात भाच्याचा फोन आला. एखादा पत्ता फार माजला की कंपनी त्याचं बळ कमी करते आणि तो ज्यांच्याकडं असेल त्यांना काही दिवस मोडीचा पूर्ण भाव देते, घट नाही. या खेपेला मर्लोक वॉरलीडर नावाचा एपिक उतरवला होता. "मामा, तुमच्याकडं आहे तो. आता मोडा, शंभरचे चारशे मिळतील." मी पोळ्याच्या आदल्या दिवशी मोडलेले चार एपिक आठवले. त्यात एक माशाच्या तोंडाचा, हिरवट, कुरूप होता. तोच पहिला मोडला होता.

मग मी डेथविंगचं बळ कधी कमी होतंय याची वाट बघत बसलो. आमची नगर-बीड-परळी रेल्वे 1995 ला मंजूर झालेली, वाट बघायची सवय जिल्ह्याला आहे. तिची पहिली गाडी बीडला अखेर सप्टेंबर 2025 मध्ये लागली. डेथविंगची गोष्ट वेगळी होती. ज्याच्यानं कोणाचं काही बिघडत नाही, त्याला कमी कोण करील?

त्याच 2017च्या दिवाळीनंतर कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. शेतकरी बोंडं फोडून माझ्या काउंटरवर ठेवत होते आणि मी बघत होतो. फक्त एक सांगतो. तेव्हा बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या, नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे अळीला साधी कपाशी खायला मिळते आणि बीटी पचवायला शिकलेल्या अळ्या लवकर माजत नाहीत. ती पुडी जवळजवळ कोणीच लावत नसे. दुकानाच्या दारातच टाकून जात. संध्याकाळी झाडून त्या गोळा करताना मी वर्षानुवर्षं मनात म्हणायचो, काय ही माणसं, कामाचं फेकून देतात आणि चकचकीत घरी नेतात. त्या हिवाळ्यात झाडताना मला ऐंशी कॉमन आठवले. मी काही म्हणालो नाही.

पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहतानं याच हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवलं. प्रात्यक्षिक प्रकार होता, पदकतालिकेत धरलं नाही, पण पदक ते पदक. मी बातमी घरात मोठ्यानं वाचली. बायको म्हणाली, "बघा, लोक कुठल्या कुठं गेले." अण्णांनी विचारलं, "त्याच्याकडं पण मेंढी होती का?"

त्याच रात्री मी डेथविंग मोडला. काचेचा आवाज झाला, मोठा झाला, आणि हाती 400 आले. लगेच भाच्याला फोन लावला. तो खूष. "मामा, चारशे म्हणजे बरोब्बर दहा कॉमन! यादी आहे ना अजून? हंटरचा कॅट पूर्ण होतो. आत्ता घडवा, मी पाच मिनिटांनी लावतो परत."

पॅडचा कागद गल्ल्यात होता, खताच्या पावत्यांखाली. काढला, चष्मा लावला, घडवण्याचं पान उघडलं. पहिल्या लांडग्यापर्यंत जायचं म्हणून बोटानं पान सरकवत होतो. मध्ये एपिक लागतात. त्यात माउंटन जायंट नावाचा एक होता. अख्खा डोंगरच उठून चालायला लागलेला, आपल्या बालाघाटासारखा. ताकद आठ, जीव आठ. घडवायला बरोब्बर 400.

किंमत 12 माना. खेळात जास्तीत जास्त मिळतात दहा. त्याचंही काहीतरी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असणार.

पाच मिनिटांनी फोन वाजला. "मामा, झाले का दहा?"

मी म्हणालो, "हॅलो? हॅलो? रेंज नाही रे इथं."